वारुळावरची अळंबी फोटोवरून नाही, खणून ओळखा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही पुण्याहून दोडामार्गला गावी गेलात, काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला जिथे रान सुरू होतं तिथे एक जुनं वारूळ आहे, त्याच्या बाजूला पंधरा-वीस पांढुरक्या अळंब्या दिसल्या, त्या तुम्ही देठाशी कापून टोपलीत घातल्या आणि आता दोन फोटो टाकून विचारताय की ही खायची अळंबी आहे का. वर शेजारच्या काकी म्हणतात की लसूण घालून शिजव, लसूण काळी पडली नाही तर बिनधास्त खा.

फोटो बघून मला वाटतंय की बहुतेक हीच ती. तरीपण मी "खा" म्हणणार नाही, कारण जो भाग बघून मी छातीठोक सांगू शकलो असतो तो तुम्ही जमिनीतच ठेवून आलात. पंचवीसेक वर्षं मी या भागातल्या अळंब्या काढतोय, मधली काही वर्षं वनस्पतीशास्त्राच्या निमित्ताने मायक्रोस्कोपखाली पण बघितल्यात, आणि एवढ्या वर्षांत पक्कं कळलेलं काय तर अळंबी वरून ओळखायला गेलं की माणूस फसतो.

आपण ज्याला आवडीने रानातली अळंबी म्हणतो (मालवणीत अळमी, गोव्यात पण तेच, तिकडे विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीकडे सात्या, टेकोडे अशी नावं ऐकाल) ती बहुतेक टर्मिटोमायसिस या वंशातली असते. रॉजर हाइम नावाच्या फ्रेंच माणसाने १९४२ मध्ये हे नाव दिलं, आणि नावातच सगळं आलं, टर्माइट म्हणजे वाळवी. ही बुरशी वाळवी पिकवते. हो, अक्षरशः शेती करते. कामकरी वाळव्या सुकलेली पानं, काटक्या, मेलेलं लाकूड खाऊन येतात, ते अर्धवट पचलेलं वारुळाच्या आत टाकून त्याचा स्पंजसारखा, मधमाशीच्या पोळ्यासारखा गड्डा बांधतात आणि त्याच्यावर ही बुरशी वाढवतात. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला स्वतःला नीट पचत नाही तो बुरशी फोडून देते, मग वाळवी तो गड्डा आणि त्याच्यावरचे खसखशीएवढे पांढरे दाणे खाते. हे आजचं नाही, आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी ही भागीदारी सुरू झाली असं मानतात. आपण ज्याला अळंबी म्हणून तोडतो ते त्या शेतातलं वर आलेलं फळ.

एवढं सगळं सांगायचं कारण, ओळखायच्या सगळ्या खुणा याच गोष्टीतून निघतात.

गड्डा जमिनीत खोल असतो, कधी वीतभर, कधी हातभर. तिथून अळंबीला वर यायचं म्हणजे लाल कडक जांभा माती फोडून यायचं. त्यामुळे तिच्या टोपीच्या मधोमध एक टणक टोक असतं, भोवऱ्याला आर असते ना अगदी तसं. कळी असताना तर ती खिळ्यासारखीच दिसते, आणि टोपी उघडल्यावर, कडा फाटून चिरा पडल्या तरी मधलं टोक राहतंच, आणि बाकी टोपीपेक्षा ते जरा गडद असतं, करडं किंवा तपकिरी. तुमच्या पहिल्या फोटोत डावीकडच्या तीन अळंब्यांवर ते मला दिसतंय, म्हणूनच मी "बहुतेक" म्हणालो.

दुसरी खूण म्हणजे मूळ. खरं म्हणजे ते मूळ नाही, देठच खाली गड्ड्यापर्यंत गेलेला असतो, पण दिसतो मुळासारखा, खाली निमुळता होत जाणारा, मातीत गेलेला भाग बऱ्याचदा तपकिरी-काळपट पडलेला. कोयतीच्या टोकाने बाजूची माती हळूहळू मोकळी करत गेलात तर तो हाताला लागत जातो आणि नशीब असेल तर अखंड निघतो. मी एकदा आंबोलीच्या खालच्या अंगाला एकाच अळंबीमागे अर्धा तास खणत बसलो होतो, भर पावसात, आणि निघालेला देठ माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरला. सोबतचे लोक तोवर टोपली भरून घरी पोचले होते, तो भाग वेगळा.

आता तुम्ही म्हणाल एवढं खणायचं कशाला. कारण रानात जी अळंबी माणूस मारते तिची खूण पण जमिनीतच असते. अमानिटा वंशातल्या विषारी जातींना देठाच्या बुडाला पिशवी असते, अंड्याच्या फुटलेल्या कवचातून देठ वर आल्यासारखी. देठाला वर झालरीसारखं कडं असतं, टोपीखालच्या पाकळ्या पांढऱ्या असतात आणि शेवटपर्यंत पांढऱ्याच राहतात. पण ती पिशवी पाचोळ्यात नाहीतर मातीत गाडलेली असते, आणि तुम्ही देठाशी कापलीत की पिशवी तिथेच राहिली. मग टोपलीत उरतात त्या नुसत्या पांढऱ्या छत्र्या, आणि पांढऱ्या छत्र्या सगळ्या सारख्याच.

एक सावधगिरी, नुसतं मूळ दिसलं म्हणून पण नाचू नका. लांब मुळाची एक दुसरी अळंबी आपल्या रानात येते, टोपी पावसात बुळबुळीत, पाकळ्या विरळ आणि पांढऱ्या, ती जमिनीत गाडलेल्या लाकडावर वाढते. ती विषारी नाही पण ती आपली अळंबी पण नाही. काही अमानिटांचं बूडही मातीत लांब उतरलेलं असतं. उलट बाजूने, टर्मिटोमायसिसमधली सगळ्यात बारकी जात, जी शेकड्याने पांढऱ्या बटणांसारखी जमिनीवर पसरते, तिला असं लांब मूळ नसतंच, कारण वाळवी गड्ड्याचे तुकडे स्वतःच बाहेर आणून टाकते आणि ती त्या तुकड्यांवर उगवते. आणि "देठाला कडं दिसलं की विषारी" हा जो नियम लोक सांगत फिरतात तोही अर्धाच, आपल्या चांगल्या अळंब्यांमधल्या टर्मिटोमायसिस हेमी या जातीला चक्क कडं असतं. म्हणून एका खुणेवर कधी जायचं नाही. टोक, मूळ, बुडाला पिशवी नाही, पाकळ्यांचा रंग, जागा, सगळं जुळलं तरच.

पाकळ्यांच्या रंगावरून आठवलं, एक गोष्ट घरच्या घरी करता येते आणि ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. उघडलेल्या एका अळंबीची टोपी देठापासून अलगद वेगळी करा, पाकळ्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा, कागद अर्धा पांढरा अर्धा काळा असला तर उत्तम, वर वाटी झाका आणि रात्रभर सोडा. सकाळी टोपी उचललीत की खाली बारीक पुडीचा ठसा उमटलेला असेल, ते तिचे बीजाणू. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर येतो, फिकट, साबुदाण्याच्या खिरीत केशराऐवजी थेंबभर कोकम पडल्यासारखा. अमानिटाचा पांढरा येतो. आणि हिरवट आला तर तो क्लोरोफायलम मोलिब्डायटिस, त्याबद्दल आता सांगतो कारण त्याचा मी स्वतः प्रसाद घेतलेला आहे. ही टेस्ट तुम्ही कापलेल्या अळंबीवर पण होते, म्हणजे आज रात्रीच करू शकता. पण लक्षात घ्या, गुलाबी ठसा आला म्हणजे सर्टिफिकेट मिळालं असं नाही, गुलाबी ठशाच्या दुसऱ्या अळंब्या पण असतात आणि त्यातल्या काही पोट बिघडवतात. पांढरा किंवा हिरवा आला तर मात्र विषय संपला, टाकून द्या.

तर तो प्रसाद. कॉलेजात होतो, दोन पुस्तकं वाचून झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय. माडाच्या बागेत, गोठ्याच्या मागच्या बाजूला, पहिल्या पावसानंतर ताटलीएवढ्या पांढऱ्या अळंब्या आल्या, वर तपकिरी खवले, मधोमध तपकिरी ठिपका, देठाला कडं जे बोटाने वर-खाली सरकतं. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र. मी म्हटलं विषारी असती तर हिरव्या असत्या. आता कळतं की त्या कोवळ्या असताना पांढऱ्याच असतात, हिरवटपणा मागाहून येतो. जेवलो, दोन तासांत उलट्या सुरू झाल्या त्या पहाटेपर्यंत, सलाइन लावायला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, मी सांगितलं, ते म्हणाले नमुना आणलाय का, आणि आमच्या घरच्यांनी तो भीतीपोटी पेटवून दिला होता. वाचलो कारण ती जात सहसा मारत नाही, हाल करते. ही लॉनवर, मैदानात, खताच्या ढिगाजवळ, बागेत सगळीकडे येते, पुण्यात सोसायटीच्या हिरवळीवर पण जुलैत बघायला मिळेल. वारुळाशी तिचा काही संबंध नाही आणि तिला लांब मूळ नसतं, बूड फुगीर असतं.

माझ्या केसमध्ये दोन तासांत उलट्या झाल्या, आणि ऐकायला विचित्र वाटेल पण ते त्यातल्या त्यात बरं लक्षण. खरी भीती तेव्हा, जेव्हा जेवल्यावर सहा-आठ-बारा तास काहीच होत नाही. रात्री खाल्लं, झोपला, पहाटे-सकाळी उलट्या-जुलाब सुरू. अमानिटाच्या विषाची ही चाल आहे. मग एखाद दिवसात उलट्या थांबतात, माणूस उठून बसतो, चहा मागतो, घरचे म्हणतात बरं वाटतंय आता, दवाखान्यातून सोडवून आणूया. आणि त्याच वेळी आत लिव्हर खराब होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे, मग बऱ्याचदा हातातून गेलेलं असतं. म्हणून अळंबी खाऊन उशिरा उलट्या झाल्या तर बरं वाटलं तरी लिव्हरच्या तपासण्या केल्याशिवाय घरी यायचं नाही, १०८ ला फोन करून मोठ्या हॉस्पिटलात जायचं, आणि शिजवलेलं उरलं असेल ते, न शिजवलेली असेल ती, कचऱ्यातले देठ, जे मिळेल ते कागदात गुंडाळून सोबत न्यायचं. ज्यांनी ज्यांनी खाल्लंय त्या सगळ्यांनी जायचं, ज्याला अजून काही होत नाही त्याने पण. २०२२ च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात असंच झालं, चहामळ्यांतल्या घरांतली जवळपास तेरा माणसं काही दिवसांत गेली.

आता काकींची लसूण. काकींचा मान ठेवून सांगतो, लसूण, कांदा, तांदूळ, चांदीचं नाणं, यातल्या कशालाही विष कळत नाही. चांदी काळी पडते ती गंधकाने, गंधक चांगल्या अळंबीत पण असतो आणि अंड्यात पण असतो. आमची आजी पण टोपात चांदीचं जोडवं टाकायची, मी स्वतः बघितलंय. शिजवल्याने विष जातं हेही खोटं, अमानिटाचं विष उकळून, तळून, वाळवून जात नाही. किड्यांनी खाल्ली, गोगलगाईने खाल्ली, वानराने खाल्ली म्हणजे चांगली हे तर अजिबातच धरू नका, गोगलगाईचं लिव्हर वेगळं आणि आपलं वेगळं.

मग आजीच्या पिढीत माणसं मेली कशी नाहीत? मला हा प्रश्न बरीच वर्षं पडलेला. जोडवं टाकायची ते नुसतं मनाच्या समाधानाला. खरं शास्त्र तिच्या दुसऱ्या वाक्यात होतं, "वळखीच्या जाग्यावरचीच काढूची, नव्या जाग्यावरची नाय." ती अळंबी ओळखतच नव्हती, ती जागा ओळखत होती. वाळवीची वसाहत एकाच जागी वर्षानुवर्षं राहते, गड्डा तिथेच, मग अळंबी पण दर वर्षी तिथेच, त्याच वारुळाच्या त्याच बाजूला, आणि जवळपास त्याच नक्षत्रात. आमच्या घरात तीन जागा होत्या, एक आर्द्रा लागली की, दुसरी तरण्या पावसात, तिसरी थेट श्रावणात. ढग गडगडले की अळंबी येते असं जुनी माणसं म्हणतात, गडगडाटाचं मला माहीत नाही पण चार दिवस दणकून पाऊस आणि मग एक दिवस उघडीप, दमट उकाडा, की पहाटे जाऊन बघायचं हे मी अनुभवाने सांगतो. पहाटे का, तर नऊ-दहापर्यंत त्या पूर्ण उघडून कडा फाटतात आणि दुपारी अळ्या पडायला लागतात. जागा कोणाला सांगायची नाही हा नियम तर एवढा कडक की माझ्या काकाने त्यांची एक जागा शेवटपर्यंत सांगितली नाही, आम्ही अजून शोधतोय.

म्हणजे तुम्हाला माझा पहिला प्रश्न खरं तर हा की ही जागा तुमच्या घरच्यांच्या ओळखीची आहे का? त्या वारुळाजवळची अळंबी आधी कोणी काढून खाल्लेली आठवते का? गावात कोणी म्हातारं माणूस असेल त्यांना घेऊन जा, फोटो दाखवू नका, जागेवर न्या. बाकी रान कुठलं, झाडं कुठली याला या अळंबीच्या बाबतीत तेवढा अर्थ नाही. ऐन-किंजळीच्या रानात येते, काजूत येते, घराच्या मागच्या परड्यात पण येते, तिला झाडाशी देणंघेणं नाही, खाली वाळवीची शेती पाहिजे. आणि कधी कधी वर वारूळ दिसतच नाही, जमीन सपाट, घरटं सगळं खाली. अमानिटाचं उलट, त्यांचं ठरावीक झाडांच्या मुळांशी नातं असतं, म्हणून झाडाखालच्या पाचोळ्यातून एकेकट्या आलेल्या, ऐटबाज दिसणाऱ्या पांढऱ्या अळंबीला मी तरी लांबूनच नमस्कार करतो.

जागेची ही ओळख माणसाबरोबर प्रवास करत नाही, इथे भलेभले फसतात. बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी खास सांगतो, कारण मला दर वर्षी कॅलिफोर्नियातून नाहीतर सिडनीहून फोटो येतात, "गावच्या अळंबीसारखी दिसतेय" म्हणून. बुरशी पिकवणारी वाळवी फक्त आफ्रिका आणि आशियात आहे. अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात ती नाही, म्हणजे टर्मिटोमायसिस पण नाही, म्हणजे तुम्हाला तिथे दिसतेय ती गावची अळंबी असूच शकत नाही, मग दिसायला कितीही जुळी बहीण असो. २०१२ च्या सुरुवातीला कॅनबेरामध्ये दोन जण असेच गेले, न्यू इयरच्या जेवणात पडलेली अळंबी डेथ कॅप, म्हणजे अमानिटाचीच एक जीवघेणी जात, निघाली. पूर्व आशियातून तिकडे गेलेल्या लोकांना ती भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी वाटते, कारण पेंढ्यावरच्या चांगल्या अळंबीला पण बुडाला पिशवी असते.

खण म्हणालो त्यावर कोणीतरी चिडणार, म्हणून आधीच सांगतो, ओळखायला एकच खणा, टोपलीभर नाही. एकदा जागा आणि जात पक्की झाली की पुढे कायम जमिनीलगत कापायची किंवा अलगद पिळून घ्यायची, गड्डा फोडायचा नाही, आणि थोड्या उघडलेल्या तशाच सोडायच्या. गोव्यात पानात बांधून नगावर विकतात, किंमत ऐकून पापलेट स्वस्त वाटेल अशी, त्या भावापायी लोक कुदळ घेऊन अख्खं वारूळ उलथतात आणि मग पुढच्या वर्षी तिथे काहीच नाही. गोव्यातले बुरशीचे अभ्यासक डॉ. नंदकुमार कामत हे किती वर्षांपासून ओरडून सांगतायत. ढिंगरी आणि बटण मशरूम शेडमध्ये पिकवता येतं, ही अजून कोणाला धंद्यापुरती पिकवता आलेली नाही, वाळवीशिवाय जमत नाही. त्यामुळे बाजारात दिसते ती एकूण एक रानातून आलेली. आपल्याकडे रोयण, म्हणजे वारूळ, हे सातेरी देवीचं रूप, जुनी माणसं तिला कुदळ लावायची नाहीत, त्यात भक्ती किती आणि पुढच्या वर्षीच्या अळंबीची काळजी किती ते सातेरीलाच माहीत.

तर आता तुमच्या टोपलीचं. काल सकाळी कापल्यात म्हणताय, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत त्या तशाही खाण्यासारख्या राहणार नाहीत, चांगली जात शिळी झाली तरी पोट धरायला लावते. यावेळच्या सोडून द्या, जीव हळहळेल, पण सोडा. एक टोपी कागदावर ठेवून ठसा घ्या. उद्या पहाटे परत जागेवर जा, अजून कळ्या वर येत असतील, त्यातली एक पूर्ण बुडापर्यंत खणून काढा आणि आडवी ठेवून बाजूला पट्टी धरून फोटो काढा, एक वरून, एक पाकळ्यांचा, एक नुसत्या बुडाचा. एक उभी चिरून आतला फोटो पण टाका. पुण्याला कधी परत निघणार तेही कळवा, सावंतवाडीत मी असतो, वेळ जमली तर जागेवरच येऊन बघतो, जागा कोणाला सांगणार नाही. ठरली तीच तर पहिल्यांदा घरात एकानेच थोडीशी खायची, नीट शिजवून, कच्ची कधीच नाही, माती जाईस्तोवर चार पाण्यांत धुवून मग कांदा आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून सुकं करायचं, आणि एक-दोन न शिजवलेल्या कागदात गुंडाळून फ्रीजला दोन दिवस ठेवायच्या.

आणि खणायला जाताना हातात काठी असू दे, वारुळाच्या भोकात हात घालू नका, या दिवसांत तिथे राहायला नुसती वाळवीच असते असं नाही.